चाळिसाची घोडी

तबेल्यातला मोतद्दार सायकल टाकून पळत आला, तेव्हा नालबंदाच्या मांडीवर एका काळ्या घोड्याचा मागचा पाय होता आणि ओठांत दोन खिळे होते.

"दादा," मोतद्दार म्हणाला, "वहिनी गेली."

नालबंदाने मान वर केली नाही. ओठांतला एक खिळा काढला, नालाच्या भोकात धरला आणि हातोडीने ठोकला. मग दुसरा. खुराबाहेर आलेली टोकं मुरगळून तोडली, दाबून बसवली, वरून कानस फिरवली. नाल अर्धवट ठोकून कुणी नालबंद घोडा सोडून उठत नाही. सैल नालावर वाकडा पाय पडला तर जनावर जन्माचं लंगडं होतं. हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, आणि त्या वेळी जे काही चाललं होतं ते हातांचंच चाललं होतं. पाय खाली ठेवून तो उठला, पाठीला हात लावला आणि म्हणाला, "कुठे गेली?"

मोतद्दार खाली पडलेल्या सायकलच्या चाकाकडे बघत राहिला. तेव्हा नालबंदाला कळलं.

सकाळी बायको एवढंच म्हणाली होती, "जरा दम लागल्यासारखं होतंय."

"दवाखान्यात जाऊ या का?"

"संध्याकाळी जाऊ. तुमचा तो काळा घोडा आटपा आधी. मालक दोनदा निरोप धाडून बसलाय."

आणि ती नेहमीसारखी तबेल्यात गेली. घोडीला खरारा केला, शेपटी विंचरली, मग पालथ्या बादलीवर बसली आणि मागच्या भिंतीला टेकली. मोतद्दाराला वाटलं, वहिनीचा डोळा लागला. घोडी तिच्याशेजारी उभी होती आणि समोरचं गवत तसंच पडलं होतं. खाण्याच्या बाबतीत ती घोडी कधी कुणाची भीड ठेवणारी नव्हती. ते न खाल्लेलं गवत बघून मोतद्दार जवळ गेला.

घोडीचं नाव म्हातारी. जन्मतःच तिच्या नाकपुड्यांभोवती पांढरे केस होते, म्हणून शिंगरू असल्यापासून तिला म्हातारी म्हणत. आता तिचं खरोखर वय झालं होतं आणि नाव शोभायला लागलं होतं. अंगाने किरकोळ, मान आखूड. घोडेस्वारी क्लबाने ती कुणाला नको म्हणून काढून टाकायची ठरवली तेव्हा नालबंदाच्या बायकोने ठेवून घेतली. ती क्लबात मुलांना बसायला शिकवायची. वर्षातून एकदा क्लबाची दमाची शर्यत असे, तिच्यात ती म्हातारीला घेऊन चाळीस किलोमीटरचा फेरा पुरा करायची.

या शर्यतीची गंमत अशी, की पहिलं कोण आलं याला फार किंमत नसते. रेषा ओलांडली म्हणजे झालं, असंही नसतं. घोड्याच्या हृदयाचे ठोके अर्ध्या तासात मिनिटाला चौसष्टाच्या खाली उतरावे लागतात. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई त्याला दुडक्या चालीने पळवून बघतात. लंगडला किंवा ठोके उतरले नाहीत, तर आलेलं सगळं अंतर पाण्यात. म्हातारीचं अंतर कधी पाण्यात गेलं नाही. क्लबाच्या बैठकीच्या खोलीत शर्यत पुरी करणाऱ्यांच्या नावांचा लाकडी फळा होता. घोडा, स्वार आणि मालक अशी तीन-तीन नावं एका ओळीत. त्या फळ्यावर म्हातारी आणि तिची बाई वर्षांमागून वर्षं एकाखाली एक बसली होती.

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी क्लबाची सभा झाली. नालबंद सभांना जात नसे, पण मुलगी म्हणाली, चला. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथेच जवळ खोली घेऊन राहायची. आईने ठेवलेलं तिचं लाडाचं नाव ठमी. लहानपणी अंगाने गुबगुबीत होती म्हणून. आता गालाची हाडं दिसायला लागली होती, तरी घरात ती ठमीच.

सभेत चिटणीसांनी विषय काढला. शर्यत किती अंतराची धरायची?

"चाळीस किलोमीटरला दमाची शर्यत म्हणायचं, हे मला पटत नाही," चिटणीस म्हणाले. माणूस सरळ होता आणि वाट्टेल तेवढा हट्टी. स्वतः ऐंशी बऱ्याचदा गेलेला आणि एकदा एकशेवीसही. "चाळीस म्हणजे घोड्याचं अंग मोकळं होतं. खरा दम तिथून पुढे लागतो. ऐंशीच्या आतलं मी मोजणार नाही. फळा रंगवायला काढलाच आहे, तर त्यावर ऐंशीच्या पुढचेच ठेवू."

"चाळीस तरी कुठे थोडे आहेत हो?" कोणीतरी मागून म्हणालं. "मी तेवढ्यात मोटारीत झोपतो."

लोक हसले. ठमी हसली नाही. ती उभी राहिली. "मग माझ्या आईनं इतकी वर्षं काय केलं? फेरफटका?"

"तुझ्या आईबद्दल मला आदर आहे, बाळ. प्रश्न माणसाचा नाही, अंतराचा आहे. आज चाळीस चालवून घेतले तर उद्या कुणी वीसचा फळा मागेल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ..."

ते मध्येच थांबले. आपण काय म्हणून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. नालबंदाने आपल्या तळहातावरचा हातोडीचा घट्टा अंगठ्याने चाचपला आणि कुणाचीच पंचाईत व्हायला नको म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. ठराव पास झाला.

घरी जाताना ठमी म्हणाली, "मी ऐंशीला नाव दिलंय. म्हातारीला घेऊन."

"कधी?"

"आत्ताच, निघताना. मालक म्हणून आईचं नाव लावलंय. एकदा ऐंशी झाले की तिचं नाव फळ्यावरून कुणाचा बाप काढू शकणार नाही."

"म्हातारीत चाळीसच आहेत, ठमे."

"कुणी मोजलेत?"

"तुझ्या आईनं."

"आई चाळीस जायची म्हणून तिच्यात चाळीस. एक्केचाळिसावा कधी मागून बघितला का तुम्ही?"

याला उत्तर होतं, पण ते बायकोचं होतं, आणि तिचं बोलणं आपल्या तोंडाने बोलायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

तिथून पुढे त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ठमी सकाळी दवाखान्याआधी येऊन घोडीला घेऊन बाहेर पडे, आणि ती परत येईपर्यंत तो पाण्याच्या टाकीपाशी उभा राही. घोडी आली की आधी तिच्या जबड्याखाली दोन बोटं लावून नाडी बघे, मग पाय चाचपून बघे, मग पुन्हा नाडी. जनावर ठणठणीत होतं. त्याचंच त्याला भय वाटे. बायकोही ठणठणीतच होती. आदल्या दिवशी दोन पोती भुसा एकटीने उचलून ठेवला होता तिने. जे ओरडतं त्याचा भरवसा असतो, मुकाट उभं राहतं त्याचं काय धरायचं?

"बाबा, माझीही नाडी बघता का लगेहाथ?" ठमी मनगट पुढे करी.

"दे."

"अहो, मी थट्टा केली."

"कळली मला थट्टा. दे तू."

मोतद्दाराचा तर त्याने धसकाच घेतला होता म्हणायचं. मोतद्दार जरा पाय उचलून चालला की नालबंद दचकून उभा राही. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "दादा, मला बघून असं दचकू नका हो. मी काय यमाचा कारकून आहे? बादली आणायला पळालो होतो."

शर्यतीच्या दोन दिवस आधी नालबंदाने म्हातारीचे चारही नाल नवे ठोकले. एकेका खिळ्याला वेळ घेतला. न ठोकता सांगता आलं असतं, की खूर ठिसूळ झालाय, नाल धरत नाही. त्याचा शब्द कुणी मोडला नसता, अगदी ठमीनेसुद्धा. पण खूर चांगला होता आणि खुराबद्दल तो आजवर खोटं बोलला नव्हता. आता या वयात कुठे सुरुवात करायची.

ऐंशीची वाट म्हणजे चाळीसचीच दोनदा. टेकडीला वळसा घालून तळावर परत यायचं, तिथे घोड्याची तपासणी, थोडी विश्रांती, आणि पुन्हा तीच वाट. उजाडताना घोडे सुटले. ठमीने आईचं जुनं जाकीट घातलं होतं. खांद्यावर ते तिला सैल होत होतं.

"जपून," नालबंद म्हणाला.

"बाबा, तुम्ही चहा प्या. जा बरं."

चहा घेतला, तो हातातच निवला. नालबंदाने बादल्या भरून ओळीने मांडल्या, मग जरा सरकवल्या. पहिले दोन घोडे आले, त्यांची तपासणी झाली. तिसरा आला. चौथ्यावरची बाई म्हणाली, मागे ओढ्यापाशी कुणाचा तरी घोडा अडखळला. कुणाचा? तिने वळून बघितलं नव्हतं. नालबंद रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मग त्याला वाटलं, आपण इथे उभे आहोत म्हणून ती येत नाहीये. तो परत बादल्यांपाशी आला. तेवढ्यात वळणावरून मोतद्दार पळत येताना दिसला आणि नालबंदाने हातातली बादली खाली ठेवली. ठेवली म्हणजे सुटलीच ती. पायावर सगळं पाणी सांडलं.

"आली, दादा," मोतद्दार लांबूनच ओरडला. "आली, आली. दोघी आल्या. तुम्ही उभे राहा नुसते."

म्हातारी घामाने काळी पडली होती, पण मान वर होती. ठमीने उडी मारून तंग सैल केला, खोगीर उतरवलं. नालबंदाने मानेवर, छातीवर, मांड्यांच्या मध्ये पाणी ओतलं आणि लाकडी पट्टीने निपटून काढलं. पुन्हा ओतलं. बोटं जबड्याखाली. ठोके भरभर होते. पुन्हा पाणी. जरा उतरले. त्याच्या स्वतःच्या छातीत जे चाललं होतं ते डॉक्टरीणबाईंनी मोजलं असतं तर त्याला तिथेच बाद केलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी कानाला नळ्या लावल्या. घड्याळाकडे बघत ठोके मोजले. या बाईंच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नसे.

"साठ," त्या म्हणाल्या. "पळवून दाखवा."

ठमीने घोडीला पळवत नेलं, परत आणलं.

"चाल चांगली आहे. फक्त मागचा डावा नाल वाजतोय. दगडात अडकला असेल. ठोकून घ्या आणि जा. पास."

नालबंद पेटी घेऊन बसला. म्हातारीचा मागचा डावा पाय मांडीवर घेतला. नाल एका बाजूने उचलला होता. खिळे काढून तो उतरवला, हातोडीने सरळ केला, पुन्हा खुरावर बसवून बघितला. घोडीने आपलं वजन जरासं त्याच्या पाठीवर टाकलं. नेहमीच टाकायची. त्याने नवे खिळे ओठांत धरले.

ठमी घोडीचं तोंड धरून उभी होती. "कान पुढे आहेत बाबा. पाणी प्याली. गवतपण खाल्लं. साठ ठोके. तुम्हीच ऐकलंत ना?"

त्याने मान हलवली.

"मग आता कशाला तोंड पाडून बसलाय? घोडं कुठे पेंड खातंय?"

नालबंदाने ओठांतले खिळे काढून हातात घेतले. खिळे तोंडात असले की तो कुणाशी बोलत नसे, आणि ते काढले म्हणजे काहीतरी बोलणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तुझ्या आईनं ऐंशीला एकदा नाव दिलं होतं," तो म्हणाला. "तू शाळेत होतीस. हीच घोडी, तेव्हा तरणीताठी. इथपर्यंत आली, पास झाली, सगळं चांगलं. आणि तुझी आई खोगीर काढून म्हणाली, पुरे."

"हे मला नाही माहीत."

"लोक हसले, म्हणून ती बोलायची नाही. मी घरी गेल्यावर विचारलं, अगं, घोडी तर धावत होती. ती म्हणाली, धावेलच. मी सांगेन तोवर धावेल ती. म्हणून तर मला थांबायला पाहिजे."

ठमीने घोडीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. पुन्हा पुढे ओढले.

"आणि ती स्वतः?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिला कुणी सांगायला पाहिजे होतं, पुरे म्हणून?"

कान धरून जाब विचारावा, तसं ते विचारणं नव्हतं. तरी नालबंदाने खाली बघितलं. खुराच्या मधल्या मऊ भागात वाळूचा एक खडा अडकला होता, तो त्याने नखाने काढला.

"मला कळलं नाही, ठमे," तो म्हणाला. "हिचंही मला कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात जाईल. जाईलही. चिटणीस म्हणतात ऐंशी म्हणजे खरं. असेल. मला तर चाळीसच काय, दारापासून टाकीपर्यंत गेलं जनावर तरी धास्ती वाटते. माझं काही ऐकू नकोस. तू म्हण, ठोका. मी ठोकतो."

त्याने खिळे पुन्हा ओठांत धरले, हातोडी उचलली आणि वाट बघत बसला.

फाटकापाशी चिटणीस घड्याळ घेऊन उभे होते. ज्यांची विश्रांती संपली त्यांचे आकडे ते पुकारत होते. एक घोडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याबरोबर जायला म्हातारीने मान वळवली, एक पाऊल टाकू बघितलं, पण पाय नालबंदाच्या मांडीवर होता.

ठमीचा आकडा पुकारला गेला.

ठमी घोडीचं तोंड धरून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. आई भांडण गिळताना असेच मिटायची. पुन्हा आकडा पुकारला गेला. मोतद्दाराने खोगीर उचललं, नालबंदाकडे बघितलं आणि परत खाली ठेवलं. नालबंदाच्या मांडीला कळ लागली होती. त्याने पाय हलवला नाही.

थोड्या वेळाने ठमीने आईचं जाकीट काढलं आणि घोडीच्या ओल्या पाठीवर टाकलं.

चिटणीस स्वतः चालत आले. "काय झालं? पास झाली ना घोडी?"

"झाली," नालबंद म्हणाला. खिळे आता हातात होते.

"मग? वेळ संपत आलाय."

"आमचे चाळीस झाले."

चिटणीस जरा घुटमळले. "चाळीस आता मोजत नाहीत. ठराव झालाय."

"ठाऊक आहे."

चिटणीसांनी घोडीकडे बघितलं, पाठीवरचं जाकीट बघितलं. ते त्यांच्या ओळखीचं होतं. काहीतरी बोलावंसं त्यांना वाटलं असावं. "पुढच्या सभेत अंतराचं पुन्हा बघू," ते म्हणाले आणि घड्याळ बघत फाटकाकडे गेले.

घरी तिघंही चालतच आले. मध्ये घोडी. ठमी वाटेत रडली. रुमाल नव्हता म्हणून जाकिटाच्या बाहीला तिने डोळे पुसले, आणि घोडी ते खायचं आहे की काय म्हणून वास घेऊ लागली, तेव्हा हसलीही.

पुढची सभा अजून झालेली नाही. फळा रंगवून परत आला. नावं निम्म्याहून कमी झाली, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा मोठा दिसतो. चिटणीसांनी सगळ्यात खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. ती कुणासाठी, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि नालबंदाने विचारलेलं नाही.

ठमी आता सुट्टीच्या दिवशीच येते, घोडीला खरारा करते. पालथ्या बादलीवर बसत नाही, उभ्यानेच करते. निघाली की नालबंद म्हणतो, पोचल्यावर फोन कर. ती रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच करते आणि म्हणते, "पोचले बाबा. आता खरंच पोचले की परत करते."

म्हातारी तीन नालांवर उभी असते. असं ठेवू नये जनावर, चाल बिघडते. नालबंदाला हे कुणी शिकवायला नको.

"नालबंदाची घोडी आणि तीन नाल," मोतद्दार म्हणतो. "दिव्याखाली अंधार. लोक हसतायत दादा."

"हसू देत."

उरलेले तीन काढले तर घोडी कायमची सुटली. चौथा ठोकला तर पुन्हा पाठीवर खोगीर आलं. नालबंद पेटी घेऊन तबेल्यात जातो, मागचा डावा पाय मांडीवर घेतो, खूर साफ करतो, कडा घासून सारख्या करतो. घोडी आपलं वजन त्याच्या पाठीवर टाकते. मग तो पाय खाली ठेवतो. तीन काढायचे की चौथा ठोकायचा, ते अजून ठरायचं आहे.